मुलांसाठी ऑक्युपेशनल थेरपी : नव्याने सुरुवात करणाऱ्या पालकांसाठी

सहा वर्षांचे मूल अजून शर्टाची बटणे लावत नाही, जेवताना अर्धा भात ताटाबाहेर सांडते, नखे कापायची म्हटले की घर डोक्यावर घेते किंवा चार ओळी लिहून झाल्या की हात दुखतो म्हणून पेन्सिल टाकून देते, अशा तक्रारी घेऊन पालक बालरोगतज्ज्ञांकडे जातात आणि ‘ओटी सुरू करा’ असा सल्ला घेऊन बाहेर पडतात. ओटी म्हणजे ऑक्युपेशनल थेरपी. सरकारी रुग्णालयांत या विभागावर ‘व्यवसायोपचार’ अशी पाटी असते. तेथे नुसते ‘ओटी कुठे आहे’ असे विचारल्यास शिपाई शस्त्रक्रियागृहाकडे बोट दाखवण्याची शक्यता अधिक, म्हणून पूर्ण नाव सांगावे.

या उपचारात लक्ष असते ते रोजच्या कामांवर: जेवणे, आंघोळ करणे, कपडे घालणे, शौचाला जाणे, लिहिणे, खेळणे, वेळेवर झोपणे. मुलाला एखादे काम का जमत नाही याचे कारण स्नायूंच्या ताकदीत, दोन्ही हातांच्या मेळात, नजर आणि हात यांच्या समन्वयात, स्पर्श किंवा आवाज सहन होण्यात, कामाचा क्रम लक्षात ठेवण्यात किंवा कधी कधी केवळ चुकीच्या उंचीच्या खुर्चीत असू शकते. ते कारण शोधून मुलाचे कौशल्य वाढवणे आणि त्याच वेळी काम, साधन किंवा जागा मुलाला जमेल अशी बदलणे, या दोन्ही गोष्टी थेरपिस्ट करतात. सेरेब्रल पाल्सी (मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचालींवर आलेली मर्यादा), स्वमग्नता, डाउन सिंड्रोम, बौद्धिक अक्षमता, एडीएचडी (लक्ष न टिकणे व अतिचंचलता) किंवा हालचालींचा समन्वय साधण्यातली अडचण असलेल्या मुलांना या उपचाराचा उपयोग होतो. मात्र निदानाची चिठ्ठी हातात नसली, तरी रोजचे काम अडते आहे एवढे कारण तपासणीसाठी पुरेसे असते.

पहिली पायरी : आठवडाभर पाहा आणि लिहून ठेवा

भेटीची वेळ घेण्यापूर्वी एक साधी वही करावी आणि आठवडाभर मूल कोणत्या कामात नेमके कोठे अडते ते लिहावे. ‘जेवत नाही’ एवढी नोंद उपयोगाची नाही. ‘घास उचलतो, पण तोंडापर्यंत नेताना मनगट वळते आणि भात सांडतो, चार-पाच घास झाले की हात थांबतो आणि आजी भरवते’ ही नोंद उपयोगाची आहे, कारण तीत अडचण, थकवा आणि मिळणारी मदत अशी तिन्ही माहिती आली. शक्य असेल तर त्या कामाचे एक-दोन मिनिटांचे चित्रीकरण मोबाइलवर करावे. अनोळखी खोलीत मूल बुजते किंवा उलट अगदी शहाण्यासारखे वागते, आणि मग घरी काय घडते ते थेरपिस्टला दिसतच नाही.

वयाचे ढोबळ अंदाज माहीत असावेत, पण त्यांचा धाक घेऊ नये. साधारण दोन वर्षांचे मूल पाहून उभी रेघ काढते, तीन वर्षांचे वर्तुळ, चार वर्षांचे अधिकचे चिन्ह आणि पाचच्या सुमारास चौकोन. त्रिकोणाची तिरकी रेघ त्यानंतर येते. आता पाहा, ज्या मुलाला तिरकी रेघ अजून हाताला आलेली नाही, त्याला साडेतीन वर्षांचे असताना ‘अ’ आणि ‘क’ गिरवायला बसवले, तर ते कंटाळणार आणि चिडणार यात नवल नाही. माझ्या मते लेखनाच्या तक्रारींपैकी बऱ्याच तक्रारी मुलाच्या नसून शाळेच्या घाईच्या असतात, आणि चांगला थेरपिस्ट ते पालकांना स्पष्ट सांगतो.

काही खुणा मात्र वहीत टिपत बसण्याच्या नाहीत. बाळ वर्षाच्या आतच सतत एकच हात वापरत असेल, अठरा महिन्यांपर्यंत चालत नसेल किंवा येत असलेली गोष्ट, मग ती बोलणे असो वा हालचाल, विसरू लागले असेल, तर लगेच बालरोगतज्ज्ञांकडे जावे. अपुऱ्या दिवसांच्या बाळाचे वय मोजताना पहिली दोन वर्षे जन्मतारखेऐवजी प्रसूतीची अपेक्षित तारीख धरतात, हे येथे लक्षात ठेवावे.

दुसरी पायरी : योग्य ठिकाण शोधा

सुरुवात बालरोगतज्ज्ञांपासूनच करावी आणि डोळे व कान तपासून घ्यावेत. फळ्यावरचे नीट न दिसणाऱ्या मुलाला लेखनाचा सराव देत राहणे व्यर्थ आहे.

महाराष्ट्रात या शास्त्राची मुळे जुनी आहेत. मूळच्या अमेरिकन आणि विवाहानंतर भारतात स्थायिक झालेल्या कमला निंबकर यांनी १९५० साली मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात या विषयाचे शिक्षण सुरू केले आणि १९५२ साली थेरपिस्टांची अखिल भारतीय संघटना उभी केली. आज मुंबईची के.ई.एम., शीव व नायर ही रुग्णालये आणि नागपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय येथे पदवीचे शिक्षण आणि रुग्णसेवा एकत्र चालते. मुंबईत हाजी अली येथे केंद्र सरकारची भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्थाही आहे. सरकारी व पालिका रुग्णालयांत शुल्क कमी असते, पण गर्दी असते आणि दोन सत्रांमधले अंतर वाढते. अशा ठिकाणी तपासणी करून घरी करायचा कार्यक्रम आखून घेणे आणि ठरावीक अंतराने दाखवायला जाणे, ही पद्धत दूरच्या कुटुंबांना परवडते.

मुंबई-नागपूरबाहेरच्या पालकांनी जिल्हा रुग्णालयात ‘जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्र’ म्हणजे डीईआयसी कोठे आहे ते विचारावे. फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते; पथके अंगणवाड्यांत आणि सरकारी शाळांत येतात आणि गरज असलेल्या मुलांना या केंद्रांकडे पाठवतात. पथक येण्याची वाट पाहण्याची आवश्यकता नाही. अंगणवाडी सेविका किंवा आशाताईंकडे चौकशी केली, तरी मार्ग सापडतो.

खाजगी केंद्रात जाताना थेरपिस्टची पदवी आणि नोंदणी विचारावी. पदवी बी.ओ.टीएच. (बॅचलर ऑफ ऑक्युपेशनल थेरपी) असते, आणि महाराष्ट्रात काम करणाऱ्यांची नोंदणी व्यवसायोपचार व भौतिकोपचाराच्या (फिजिओथेरपीच्या) राज्य परिषदेकडे होते. काही महिन्यांचा प्रशिक्षणवर्ग करून ‘थेरपी’ देणारी मंडळीही आहेत. ती सहायक म्हणून चांगले काम करू शकतात, पण मूल्यमापन आणि उद्दिष्टे ठरवणे हे पात्र थेरपिस्टचेच काम आहे. हे विचारताना संकोच वाटण्याचे कारण नाही.

तिसरी पायरी : पहिली भेट

मूल भुकेले किंवा झोपाळलेले असताना नेऊ नये. बरोबर वही, चित्रीकरण, जुने कागद, शाळेची एक वही, मुलाचा डबा आणि गणवेशाचा शर्ट न्यावा. डबा का, असे वाटेल. पण मधल्या सुट्टीत झाकण उघडत नाही म्हणून उपाशी परत येणारी मुले असतात, आणि ‘डबा खात नाही’ या तक्रारीमागे चवीपेक्षा झाकणाची घट्ट कडी असते. दिवसभर मुलाला सांभाळणारे आजी-आजोबा किंवा मावशी असतील, तर त्यांनाही घेऊन जावे, कारण पुढे सराव त्यांच्याच हातून व्हायचा असतो.

थेरपिस्ट गर्भारपणापासूनची माहिती विचारतात, मुलाला खेळायला देऊन त्याची बसण्याची पद्धत, पकड, दोन्ही हातांचा मेळ, नजर आणि सूचना समजण्याची रीत पाहतात, आणि गरजेप्रमाणे प्रमाणित चाचण्या घेतात. पालकांनी येथे एका गोष्टीकडे लक्ष द्यावे. परदेशात तयार झालेल्या प्रश्नावल्यांमध्ये काटा-सुरी वापरणे, टबमध्ये आंघोळ करणे, बुटांची नाडी बांधणे अशा गोष्टी असतात. आपल्या घरात मूल हाताने जेवते, तांब्याने अंगावर पाणी घेते, भारतीय पद्धतीच्या शौचालयात उकिडवे बसते आणि जमिनीवर मांडी घालून अभ्यास करते. या कामांबद्दल कोणी विचारले नाही, तर आपण आपणहून सांगावे.

चौथी पायरी : उद्दिष्ट ठरवा

सगळ्या प्रक्रियेत हा टप्पा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि नेमका तोच घाईत उरकला जातो. ‘एकाग्रता वाढावी’, ‘हातात ताकद यावी’, ‘इतर मुलांसारखा व्हावा’ या इच्छा आहेत. त्यांचे मोजमाप करता येत नाही. ‘तीन महिन्यांत गणवेशाच्या शर्टाची खालची तीन बटणे कोणी हात न लावता लावावीत’ हे उद्दिष्ट झाले, कारण ते पूर्ण झाले की नाही हे घरातील कोणालाही पाहून सांगता येते.

एका वेळी दोन किंवा तीनच उद्दिष्टे घ्यावीत. ती निवडण्यासाठी अनेक थेरपिस्ट कॅनडात विकसित झालेली मुलाखतीची पद्धत वापरतात: प्रत्येक कामाचे महत्त्व, ते सध्या किती जमते आणि त्याबद्दल किती समाधान आहे, यांना १ ते १० पैकी गुण द्यायचे आणि काही आठवड्यांनी पुन्हा द्यायचे. जमण्याच्या किंवा समाधानाच्या गुणांत दोन किंवा अधिकची वाढ झाली, तर बदल अर्थपूर्ण मानतात. मूल बोलू शकत असेल, तर त्यालाही विचारावे. आईला अक्षर सुधारायला हवे असते आणि मुलाला गल्लीतल्या मुलांबरोबर चेंडू झेलता यायला हवा असतो. मुलाचे एक उद्दिष्ट यादीत असले, की सरावासाठी त्याच्या मागे फार लागावे लागत नाही.

उद्दिष्टे कागदावर लिहून घ्यावीत. जेथे ती लिहून मिळत नाहीत, तेथे पुढे प्रगतीची चर्चा ‘पूर्वीपेक्षा बरा आहे’ एवढ्यावरच थांबते.

पाचवी पायरी : काम फोडून शिकवणे

मोठ्यांना बटण लावणे ही एकच क्रिया वाटते. प्रत्यक्षात एका हाताने काजाची कड ताणून धरायची, दुसऱ्या हाताच्या अंगठा व तर्जनीच्या चिमटीत बटण उभे करायचे, त्याची कड काजात घालायची, मग पकड बदलून पलीकडून आलेले बटण ओढायचे आणि त्याच वेळी पहिल्या हाताने कापड उलट दिशेला सरकवायचे, असे पाच टप्पे त्यात आहेत. थेरपिस्ट मूल कोणत्या टप्प्यावर अडते ते पाहतात आणि बहुतेकदा शेवटच्या टप्प्यापासून शिकवतात. म्हणजे आईने बटण अर्धे काजातून काढून द्यायचे आणि मुलाने फक्त ओढायचे. बटण लागल्याचे श्रेय पहिल्याच दिवसापासून मुलाला मिळते. ते सहज जमू लागले, की एक टप्पा मागे यायचे.

यातल्या बारकाव्यांनी बराच फरक पडतो. मांडीवर ठेवलेल्या कापडावर बटण लावण्याचा सराव केला, तर दिशा उलटी होते आणि अंगातल्या शर्टावर मूल पुन्हा गोंधळते. म्हणून सरावासाठी मोठ्या बटणांचे जाकीटच अंगात घालायला द्यावे. नवा शर्ट कडक असतो आणि काज घट्ट असते, तेव्हा आधी धुऊन मऊ झालेला शर्ट घ्यावा. गळ्याखालचे बटण मुलाला दिसत नाही, ते सर्वांत शेवटी. मदत कमी करतानाही क्रम असतो: प्रथम हातावर हात, मग कोपराला हलका स्पर्श, मग नुसती खूण. ‘आता धर, आता ओढ, अरे इकडे बघ’ असे सतत बोलत राहण्याची सवय आपल्याला मदत वाटत नाही, पण मूल त्या बोलण्यावर अवलंबून राहते आणि तो आधार काढणे सर्वांत कठीण जाते.

जेवणाचे उदाहरण आणखी आपल्या घरातले आहे. पोळीचा तुकडा आपण एका हाताने मोडतो. अंगठ्याने व मधल्या बोटाने पोळी दाबून धरून तर्जनीने तुकडा ओढून काढणे ही बोटांची अवघड कसरत आहे, आणि ज्या मुलाची बोटे एकमेकांपासून स्वतंत्र हलत नाहीत त्याला ती जमत नाही. ‘डावा हात लावू नकोस’ हा नियम काही महिने बाजूला ठेवावा, दोन्ही हात धुऊन दोन्ही हातांनी तुकडा मोडू द्यावा. तेही कठीण गेले, तर पोळीच्या कडेला आधीच छोट्या चिरा देऊन ठेवाव्यात. वरण-भाताची सुरुवात जरा घट्ट कालवलेल्या भाताने करावी, कारण पातळ भात बोटांतून गळतो आणि मूल हात चाटत बसते. ताट उंच काठाचे घ्यावे, म्हणजे घास काठाशी ढकलून गोळा करता येतो, आणि ताटाखाली ओले फडके पसरावे, म्हणजे ताट सरकत नाही. टेबलाशी बसत असेल, तर पाय लोंबकळता कामा नयेत. पायांखाली पाट किंवा चौरंग ठेवल्यावर हाताची थरथर कमी झालेली पुष्कळदा दिसते. पहिले सात-आठ घास मुलाने स्वतः घ्यावेत, भूक तेव्हा सर्वांत जास्त असते. त्यानंतर दमला तर आजीने भरवायला हरकत नाही.

साधन बदलणे म्हणजे हार मानणे, असा एक समज घरात असतो. पायजम्याच्या नाडीऐवजी इलास्टिक, मोठ्या तांब्याऐवजी लहान, हलका आणि अर्धाच भरलेला तांब्या, बुटाला नाडीऐवजी चिकटपट्टी, यांमुळे मूल आजपासून स्वतः तयार होते. नाडीची गाठ मागाहून शिकवता येते.

लेखनाबाबत थोडक्यात: लांब पेन्सिलीऐवजी खडूचा किंवा मेणखडूचा छोटा तुकडा दिला, तर मुठीची पकड आपोआप सुटते. जमिनीवर बसून लिहिणाऱ्याला उतरते मेज द्यावे. देवनागरीत गाठी, वळणे आणि दांडे भरपूर आहेत. सारख्या वळणाची अक्षरे, उदाहरणार्थ व, ब, क, एकत्र शिकवली की हाताला वळण लागते. शिरोरेखा शब्द पूर्ण झाल्यावर एकदाच ओढू द्यावी. प्रत्येक अक्षरावर हात थांबवून रेघ मारणारे मूल मागे पडते.

सहावी पायरी : स्पर्श, आवाज आणि झोपाळे यांबद्दल सावधपणे

काही मुलांना केस कापणे, दात घासणे, कपड्याचे लेबल किंवा कुकरची शिट्टी असह्य होते, तर काही मुले सतत उड्या मारतात आणि भिंतीवर आदळतात. संवेदनांच्या या गोंधळाचा सिद्धान्त अमेरिकन थेरपिस्ट जीन एअर्स यांनी मांडला, आणि केंद्रांतले झोपाळे, मोठे चेंडू आणि वजनदार जाकिटे त्यातूनच आली. घरी करता येण्याजोग्या गोष्टी सोप्या आहेत: नखे आंघोळीनंतर मऊ झाली की कापावीत, आणि कापण्यापूर्वी बोट घट्ट दाबावे, लेबले काढून टाकावीत, शिट्टी होण्याआधी सांगावे किंवा मुलाला तेवढा वेळ दुसऱ्या खोलीत न्यावे.

मात्र झोपाळ्यावर झुलल्याने किंवा अंगावर ब्रश फिरवल्याने बोलणे, एकाग्रता आणि अक्षर सारेच सुधारेल, असे कोणी सांगितले तर थांबून विचारावे. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१२ मध्येच सांगितले होते, की संवेदनांवर आधारित उपचारांचा पुरावा मर्यादित आहे, हे पालकांना कळले पाहिजे. याउलट, जे काम शिकायचे आहे त्याचाच खऱ्या जागी सराव करण्याच्या पद्धतींना २०१९ सालच्या नोव्हाक आणि होनन या संशोधकांच्या विस्तृत आढाव्यात भक्कम आधार मिळालेला दिसतो. तेव्हा प्रत्येक साधनाबाबत विचारण्याचा प्रश्न एकच: ‘याने ठरवलेल्या कामांपैकी कोणते सोपे होणार आहे आणि ते आपण कधी पाहायचे?’

सातवी पायरी : घरचा सराव आणि शाळा

आठवड्यातून एक-दोन तासांच्या सत्रांत कौशल्य रुळत नाही. ते रुळते घरी, रोज, त्या त्या कामाच्या वेळी. तरीही सकाळी बस गाठायच्या गडबडीत बटणांचा सराव ठेवू नये. संध्याकाळी खेळून आल्यावर कपडे बदलताना दहा मिनिटे द्यावीत आणि सकाळी शेवटचे एकच बटण मुलावर सोपवावे. एकत्र कुटुंबात एक जण शिकवतो आणि दुसरा ‘राहू दे, लहान आहे, मी करते’ म्हणतो. त्यामुळे कोणत्या कामात कोणी किती मदत करायची, हे कागदावर लिहून स्वयंपाकघरात लावलेले बरे.

शाळेला थेरपिस्टकडून छोटे पत्र न्यावे: पहिल्या बाकावर जागा, पाय टेकतील अशी बसायची सोय, फळ्यावरून उतरवण्याचे प्रमाण कमी. वर्गशिक्षिकेला दहा सूचना दिल्या, तर एकही पाळली जात नाही, दोन द्याव्यात.

कागदपत्रांचेही याच सुमारास पाहावे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांचा समावेश आहे. मूल त्यांत बसत असेल, तर सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करून सरकारी रुग्णालयातून प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचे ओळखपत्र, घ्यावे. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यासाची ‘निरामय’ ही एक लाख रुपयांपर्यंतची आरोग्य विमा योजना आहे, आणि तीत नियमित थेरपीच्या खर्चासाठीही तरतूद आहे.

आठवी पायरी : आढावा, बदल आणि थांबणे

दोन ते तीन महिन्यांनी लिहिलेली उद्दिष्टे पुढ्यात घेऊन थेरपिस्टबरोबर बसावे. काम जमले असेल, तर पुढचे घ्यावे. थोडे जमले असेल, तर टप्पा लहान करावा. काहीच हलले नसेल, तर उद्दिष्ट फार मोठे होते का, घरी सराव झाला का, पद्धत बदलायला हवी का, हे मोकळेपणाने विचारावे. पालकांना सत्र पाहू न देणारे, पूर्ण बरे करण्याची हमी देणारे किंवा वर्षभराची रक्कम आगाऊ मागणारे केंद्र असेल, तर दुसरीकडे मत घ्यावे.

ठरवलेली कामे घरी आणि शाळेत मदतीशिवाय होऊ लागली, की सत्रे आधी पंधरवड्यावर, मग महिन्यावर नेऊन थांबवता येतात. थांबताना थेरपिस्टकडून शेवटचा लेखी अहवाल आणि घरच्या सरावाची यादी मागून घ्यावी. शाळा बदलताना, पाचवीपासून लेखन वाढल्यावर, मुलींची पाळी सुरू होताना पॅड बदलणे शिकवताना किंवा एकट्याने बसने जायची वेळ आल्यावर पुन्हा काही सत्रांची गरज पडू शकते, आणि तेव्हा नव्या थेरपिस्टला हाच अहवाल दाखवल्यास मूल्यमापन पहिल्यापासून करावे लागत नाही.